हलक्या गरीची तळमासेमारी

तळी, नद्या आणि धरणांतल्या माशांसाठी बनवलेला लवचीक रॉड, छोटे रीळ आणि बारीक दोरा वापरून खाडीच्या किंवा समुद्राच्या तळालगतचे मासे गळाने धरण्याची पद्धत. कोकणात गळाने मासे धरण्याला ‘गरवणे’ म्हणतात. जुनी हातगरी म्हणजे लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेला तंगूस (नायलॉनचा एकेरी दोरा), शेवटी शिसे आणि गळ. तलावावर रोहू-कटल्यासाठी घेतलेला रॉड मग जेटीवरही नेऊन पाहिला जातो.

सहा-सात फुटी रॉड, ४ ते ६ किलो ताण सोसणारा दोरा आणि १० ते ४० ग्रॅम शिसे एवढ्यावर खाडीत काम भागते. आमिष सोललेल्या कोळंबीचे किंवा माकलाच्या पट्टीचे. मुडदुशी, शेतक, ढोमा, पालू, लहान तांबोशी हे या गरीचे मासे. मुडदुशी आमिष चोखते तेव्हा रॉडच्या शेंड्याला दोन-तीन बारीक टिचक्या बसतात. जाड समुद्री रॉडवर त्या कळतही नाहीत. हलक्या गरीची खरी मजा हीच.

हलकी गरी हरते ती बहुधा पाण्याच्या ओढीपुढे. दोऱ्यावरची ओढ त्याच्या जाडीबरोबर वाढते आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की चौपट होते. म्हणून भांगाच्या (मंद भरती-ओहोटीच्या) दिवसांत २० ग्रॅमचे शिसे जिथे जागचे हलत नाही, तिथेच अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ते घरंगळत खडपात जाऊन अडकते. अशा वेळी शिसे वाढवत नेले तर फेकताना रॉड मोडण्याची भीती. त्यापेक्षा वेळ निवडावी. मुंबईच्या आसपास तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते: अष्टमीला सहा वाजता, चतुर्थीला तीन वाजता. भरती पुरती होऊन पाणी थबकते, त्याच्या आगेमागे तळ सापडतो.

दुसरा उपाय विणलेल्या दोऱ्याचा. तेवढ्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा तो पुष्कळ बारीक असतो, त्यामुळे कमी शिशात तळ गाठतो. जवळजवळ ताणला जात नसल्याने टिचकीही स्पष्ट पोचवतो. मात्र कालवांच्या धारेवर तो पाहता पाहता कापला जातो. म्हणून गळाकडचा हातभर भाग जाड तंगुसाचा ठेवतात.

तांबोशी गळाला लागताच बिळाकडे धाव घेते. रिळाचा ड्रॅग (ठरावीक ताणाला दोरा सुटू देणारा ब्रेक) दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश ठेवावा. हा अंदाज हाताने घेण्यापेक्षा स्प्रिंगच्या काट्याने घेतलेला बरा. मोठे पाकट तळाला चिकटून बसले तर दोरा कापणेच शहाणपणाचे. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे विषारी असतात, त्यामुळे तो चिमट्यानेच सोडवतात.

गोड्या पाण्याच्या संचाला खरा धोका मिठाचा. रॉडच्या कड्यांच्या बुडाशी आणि रिळाच्या बेअरिंगमध्ये ते साचते. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी. जोराच्या फवाऱ्याने मीठ उलट आत ढकलले जाते. पुसून, सावलीत वाळवून ड्रॅग पुन्हा सैल करून ठेवावा.