एक तार आणि तिच्यातल्या भिंती

कचेरीत संगणक आले की त्यांना जोडणारी तार येते. आणि तार आली की तिच्यावर कोणी बोलावे व ते कोणाच्या कानी पडावे, हा प्रश्न येतो. या प्रश्नाचा इतिहास उण्यापुऱ्या पन्नास वर्षांचा आहे. परंतु आरंभी जे गृहीत धरले, तेच पुढे निस्तरण्यात त्यातील बराच काळ गेला, असे आम्हांस वाटते.

1973 च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे, झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात, रॉबर्ट मेटकाफ यांनी एक टिपण लिहिले आणि ‘इथरनेट’चा जन्म झाला. डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने ती कल्पना प्रत्यक्षात उतरली. हेतू साधा होता: केंद्रातील संगणक एकमेकांस जोडावेत आणि सर्वांना एकच लेझर छपाईयंत्र वापरता यावे. एक जाड केबल इमारतीतून फिरवायची. ज्याला बोलायचे त्याने आधी कान द्यावा. तार मोकळी दिसली तर बोलावे. दोघे एकदम बोलले तर दोघांनीही गप्प बसून थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. वेग सेकंदाला सुमारे 29 लाख बिट. चाळीच्या गॅलरीतून हाक मारावी तसा हा प्रकार: हाक एकाला, ऐकणार सगळे! पण बिऱ्हाडे सारी ओळखीची होती, म्हणून त्यात कोणाला वावगे वाटले नाही.

बिऱ्हाडे वाढली तेव्हा गोंगाट झाला. त्यावर स्विच निघाला. ‘कल्पना’ नावाच्या अमेरिकी कंपनीने 1990 मध्ये सात तोंडांचा इथरनेट स्विच बाजारात आणला. (तिचे एक संस्थापक विनोद भारद्वाज भारतीय वंशाचे, नाव तिकडून आले हे सांगावयास नको.) स्विच प्रत्येक यंत्राचा पत्ता लक्षात ठेवतो आणि निरोप ज्याचा त्यालाच देतो. तथापि ‘अमुक पत्ता कोणाचा हो?’ अशी सर्वांना उद्देशून मारलेली हाक तो सर्वांकडेच पाठवतो. शेकडो यंत्रे अशा हाका मारू लागली, की गॅलरी पुन्हा भरते.

म्हणून भिंत हवी झाली. 1998 मध्ये तिचा सर्वमान्य नियम प्रसिद्ध झाला, तो 802.1 क्यू. वस्तुतः ही भिंत म्हणजे एक आकडा आहे. निरोपाच्या लिफाफ्यात चार बाइटांची चिठ्ठी घालायची. तीत बारा बिटांचा खोलीचा क्रमांक. असे 4096 क्रमांक होतात. दोन राखीव, उरले 4094. स्विचच्या कोणत्या तोंडाला कोणती खोली, हे माणसाने ठरवून द्यायचे. असे ऐकून घेणाऱ्या स्विचला ‘मॅनेज्ड’ म्हणतात. स्वस्तातला स्विच ऐकत नाही. एका खोलीतून दुसरीत जायचे तर राउटरच्या दारातूनच, आणि दारावर पहारा बसवता येतो.

नियम छापला म्हणून भिंत उभी राहत नाही. 2002 च्या नोव्हेंबरात बॉस्टनमधील बेथ इस्रायल डीकनेस या मोठ्या रुग्णालयाचे जाळे कोलमडले. ते वाढत वाढत, मध्ये पुरेसे आडोसे न घालता, एकाच विस्तीर्ण दिवाणखान्यासारखे झाले होते. एका संशोधकाच्या कामातून माहितीचा लोंढा आला आणि स्विचांचा हिशेब चुकला. निरोप गोल गोल फिरू लागले. सुमारे चार दिवस रुग्णालय कागदावर चालले, तपासण्यांचे निकाल माणसे हातोहात पोचवीत होती. लोंढा सोडणाऱ्याचा यात काय दोष? आम्ही तो त्याला देणार नाही.

पुढे तारेवर संगणक नसलेली बिऱ्हाडे आली: कॅमेरे, दूरध्वनी, हजेरीची यंत्रे. 2016 मध्ये ‘मिराई’ने अशी हजारो यंत्रे कारखान्यातून आलेल्या परवलीच्या शब्दांनिशीच काबीज केली; 21 ऑक्टोबरला त्यांच्याकरवी डिन या कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा ट्विटरसारखी स्थळे कित्येकांना उघडेनात. बँकेच्या छतावरचा कॅमेरा जर खातेवहीच्या संगणकाच्याच खोलीत राहत असेल, तर चोराला भिंत फोडावी लागत नाही. म्हणून जाणते तंत्रज्ञ आज कॅमेऱ्यांना वेगळी खोली देतात. छपाईयंत्रालाही देतात, ज्याच्यासाठी मुळात ही तार ओढली गेली!

हे काम करणारा माणूस बहुधा एकटा असतो, आणि कोणत्या तोंडाला कोणता क्रमांक दिला ते त्याच्या वहीत असते. वही नसली तर त्याच्या डोक्यात. खोक्यातून नवा स्विच काढला, की बहुतेक वेळा त्याची सारी तोंडे क्रमांक एकच्या खोलीतच असतात.