बराकीतला सरावपाठ

समजा, 1950 चा जुलै आहे. बदलापूरहून आलेल्या गाडीतून तुम्ही अंबरनाथला उतरता. उल्हासनगरचं स्टेशन शोधू नका, ते व्हायला 1955 उजाडणार आहे. विमकोच्या काडेपेटी कारखान्यात जाणारी गर्दी पांगते आणि तुम्ही छत्री सावरत, चिखल चुकवत कॅम्पाची वाट धरता. महायुद्धात इथे लष्कराचा तळ होता. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं राहिली. 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि कल्याण कॅम्पाचं उल्हासनगर झालं. नाव उल्हास नदीवरून. ती तुमच्या बदलापूरवरूनच पुढे येते. बाकी इथलं काहीच तुमच्या ओळखीचं नाही.

तुम्ही शिकाऊ शिक्षक आहात, आज गणिताचा सरावपाठ आहे. बगलेतल्या वहीत हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच ठरलेल्या पायऱ्या, रकाने आखून लिहिली आहे. कुठला प्रश्न विचारायचा आणि मुलं काय उत्तर देणार, तेही. मुलांची उत्तरं आदल्या रात्रीच लिहून ठेवायची ही पद्धत अजब खरीच. पण परीक्षेला तीच चालते.

बराकीच्या एका तुकड्यात वर्ग भरलाय. गोणपाटाच्या पडद्यापलीकडे कुणाचा तरी स्टोव्ह फरफरतोय. मुलं उठून ‘साईं’ म्हणतात. इथे मास्तरांना तसंच म्हणतात. तुमची हिंदुस्तानी मोडकी, त्यांची मराठी त्याहून मोडकी. मागच्या बाकावर निरीक्षक पेन्सिल काढून बसलेत.

तुम्ही फळ्यावर झोकात ‘५०’ लिहिता. कुणीच बोलत नाही. मग पुढची एक मुलगी पाटी वर धरते. तिच्या पाटीवर नुसतं टिंब आहे. सिंधी आकड्यांत ते शून्य. आणि तुमच्या शून्यासारखा जो गोल, तो तिचा पाच. ५० मधलं तुमचं शून्य तिला पाच दिसतंय आणि ५ हे कसलं चिन्ह, ते ती विचारते आहे. तुम्ही खडू तिच्या हातात देता. ती फळ्याच्या उजव्या टोकापासून सिंधी वाक्य लिहीत डावीकडे सरकते. मध्ये आकडा येतो तसा हात थांबतो, थोडी जागा सोडून पुढे जातो आणि आकडा डावीकडून उजवीकडे उमटतो, अगदी तुमच्यासारखा. अरबी वळणाच्या लिपीत अक्षरं एका दिशेला आणि आकडे दुसऱ्या. फळ्याचे दोन भाग होतात: एकीकडे तुमचे आकडे, एकीकडे त्यांचे. पंचपदीत ही पायरी नव्हती.

आता हिशेब. बारा पेन्सिली बारा आण्यांना घेतल्या, एकेक पाच पैशांना विकली, नफा किती? एका आण्याचे चार पैसे मनात धरून तुम्ही खडू उचलता, तोच मागचा मुलगा म्हणतो, तीन आणे. त्याने पाटीला हातही लावलेला नाही. संध्याकाळी तो गाडीत पेन्सिलीच विकतो. मग तोच तुम्हाला अडवतो: साईं, बारातल्या दोन मोडतात. सगळा वर्ग वळतो. उरल्या दहा, त्यांचे पन्नास पैसे, म्हणजे साडेबारा आणे. नफा अर्धा आणा. कुणी म्हणतं, मोडकीला टोक करून तीन पैशांना द्यायची. कुणी म्हणतं, मग चांगली कोण घेईल? पाचवीतल्या पोरांचा बाजारभाव ऐकत तुम्ही खडूचं टोक मोडून बसता.

निरीक्षक उठतात. ‘अहो गुरुजी, वर्ग हाताबाहेर जातोय. आणि उपयोजनाची पायरी राहिली.’

उपयोजन तर मघापासून चाललंय, पण शिकाऊ माणसाने हे बोलायचं नसतं. तुम्ही मान डोलावता. तेवढ्यात ती मुलगी फळ्यावर त्यांच्या आकड्यांत नवा हिशेब मांडते आणि खडू तुमच्यापुढे धरते. उत्तरात पाच आहे, हे तुम्हाला कळतंय. गोल काढायचा की टिंब, एवढंच आठवायचं आहे. आणि निरीक्षक बघताहेत.