कर्करोगाच्या कायनेजची लक्ष्य-प्रथिने कशी शोधतात?

पेशीतील एखाद्या प्रथिनाला फॉस्फेटचा गट जोडून त्याचे काम सुरू करणारी, थांबवणारी किंवा बदलणारी विकरे म्हणजे प्रोटीन कायनेज. पेशीतील ऊर्जावाहक एटीपी या रेणूचे टोकाचे फॉस्फेट उचलून ते प्रथिनातील सेरीन, थ्रिओनिन किंवा टायरोसिन या अमिनो आम्लावर बसवणे, एवढीच त्यांची क्रिया. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५०च्या दशकात स्नायूंतील एका विकराच्या अभ्यासातून हा नियंत्रणाचा मार्ग उलगडला; त्याबद्दल त्यांना १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मानवी जनुकसंचात अशा कायनेजांची ५१८ जनुके असल्याची गणना २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी अनेकांचा कर्करोगाशी संबंध आहे. कोणते कायनेज बिघडले आहे हे पुष्कळदा कळते. ते नेमके कोणकोणत्या प्रथिनांवर फॉस्फेट बसवते, हे शोधणे मात्र फार कठीण ठरले आहे.

कोंबडीच्या गाठीपासून टायरोसिनपर्यंत

या शोधाची सुरुवात १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत झाली. पेटन राउस यांनी कोंबडीच्या गाठीचा, पेशी गाळून काढलेला अर्क निरोगी कोंबड्यांना टोचला आणि त्यांनाही तसाच कर्करोग झाला. त्यामागचा विषाणू पुढे राउस सार्कोमा विषाणू म्हणून ओळखला गेला. राउस यांना नोबेल मिळण्यास मात्र १९६६ साल उजाडले. या विषाणूतील ‘सार्क’ हे जनुक मुळात निरोगी पेशीतलेच असल्याचे मायकल बिशप आणि हॅरोल्ड व्हार्मस यांनी दाखवले आणि १९८९ चे नोबेल पटकावले. १९७८ मध्ये या जनुकापासून बनणारे प्रथिन कायनेज असल्याचे आढळले.

पुढचा दुवा अपघाताने हाती आला. १९७९ मध्ये साल्क संस्थेतील टोनी हंटर विषाणूंच्या प्रथिनांवरील फॉस्फेटचे विश्लेषण करीत होते. त्यांनी ताजे द्रावण करण्याऐवजी जुनेच वापरले; त्याची आम्लता ठरलेल्या १.९ वरून १.७ पीएचपर्यंत सरकली होती. एरवी फॉस्फोथ्रिओनिनच्या ठिपक्यात मिसळून जाणारा एक ठिपका त्यामुळे वेगळा दिसला. तो फॉस्फोटायरोसिनचा होता. सार्कही टायरोसिनवरच काम करते, हे त्यानंतर लवकरच सिद्ध झाले.

अडचण नेमकी कोठे?

सर्व कायनेज एकच कच्चा माल वापरतात, तो म्हणजे एटीपी. त्यांची एटीपी धरण्याची खोबणही बव्हंशी सारखी असते. पेशीत एटीपी विपुल आणि शेकडो कायनेज एकाच वेळी कार्यरत असतात. त्यामुळे एखाद्या प्रथिनावर फॉस्फेट दिसले तरी ते कोणी बसवले हे फॉस्फेटवरून ओळखता येत नाही. सार्क कार्यरत होताच त्याच्या हाताखालची दुसरी कायनेजही जागी होतात. मग प्रत्यक्ष लक्ष्य कोणते आणि साखळीतील पुढचे कोणते, याचा गोंधळ होतो.

सुरुवातीच्या पद्धतींनी काही महत्त्वाची नावे दिली. फॉस्फोटायरोसिन ओळखणाऱ्या प्रतिपिंडांच्या साहाय्याने सार्कबाधित पेशींतील प्रथिने वेगळी काढण्यात आली. त्यातून फोकल अधेजन कायनेज, कॉर्टॅक्टिन यांसारखी प्रथिने पुढे आली. पेशीची पृष्ठभागावरील पकड आणि तिचा आतील सांगाडा यांच्याशी त्यांचा संबंध असल्याने, कर्कपेशी आपली जागा सोडून का भटकतात याचा काही उलगडा झाला. दुसरी पद्धत पेप्टाइडच्या संग्रहांची. अमिनो आम्लांच्या असंख्य लहान साखळ्या कायनेजपुढे ठेवायच्या आणि त्याला कोणता क्रम आवडतो ते पाहायचे. २०२३ मध्ये या मार्गाने सेरीन-थ्रिओनिन गटातील ३०३ मानवी कायनेजांच्या आवडींचा नकाशा तयार झाला. परंतु आवड म्हणजे भेट नव्हे. क्रम जुळला तरी ते कायनेज आणि ते प्रथिन पेशीत एकाच जागी, एकाच वेळी असतीलच असे नाही.

खोबण मोठी करण्याची युक्ती

१९९७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात केव्हन शोकत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. लक्ष्यांमागे धावण्याऐवजी त्यांनी कायनेजच बदलले. सार्कच्या खोबणीच्या तळाशी, ३३८व्या स्थानी, एक मोठे अमिनो आम्ल पहारेकऱ्यासारखे उभे असते. त्याच्या जागी अ‍ॅलॅनिन किंवा ग्लायसिन हे लहान अमिनो आम्ल बसवले की आत अधिकची पोकळी तयार होते. मग एटीपीच्या रेणूला रासायनिक रीतीने एक जाड गट जोडायचा. हा फुगीर एटीपी इतर कायनेजांच्या खोबणीत मावत नाही. बदललेल्या सार्कमध्ये मात्र नेमका बसतो. त्याच्या टोकाच्या फॉस्फेटवर किरणोत्सारी खूण केली, तर खूण उमटलेले प्रत्येक प्रथिन सार्कचे थेट लक्ष्य मानता येते.

पुढे या खुणेची जागा गंधकाने घेतली. फॉस्फेटमधील एका ऑक्सिजनऐवजी गंधक असलेला फुगीर एटीपी वापरला की लक्ष्यावर थायोफॉस्फेट बसते. त्यावर रासायनिक प्रक्रिया करून प्रतिपिंडाने ती प्रथिने गोळा करता येतात आणि वस्तुमान वर्णपटमापकाने फॉस्फेट नेमके कोणत्या अमिनो आम्लावर आहे तेही सांगता येते. हीच युक्ती पेशीविभाजन चालवणाऱ्या सीडीके-१ या कायनेजवर वापरून २००३ मध्ये यीस्टमधील ६९५ प्रथिने तपासली गेली. त्यांतील १८१ त्याची लक्ष्ये ठरली.

मर्यादा आणि कसोट्या

फुगीर एटीपी पेशीच्या पटलातून आत जात नाही. म्हणून पटलाला छिद्रे पाडावी लागतात किंवा पेशी फोडून अर्कात प्रयोग करावा लागतो. अर्कात पेशीचे कप्पे मोडतात आणि एरवी कधीही न भेटणारी प्रथिने एकत्र येतात. शिवाय पहारेकरी बदलला की काही कायनेज दुबळी पडतात. यास्तव यादीतील प्रत्येक नाव पुन्हा तपासले जाते. शुद्ध कायनेज त्याच अमिनो आम्लावर फॉस्फेट बसवते का? जिवंत पेशीत कायनेज रोखताच काही मिनिटांत ते फॉस्फेट घटते का? आणि ते अमिनो आम्ल बदलून टाकले, तर पेशीच्या वागण्यात फरक पडतो का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले तरच ते लक्ष्य महत्त्वाचे.

रुग्णाला याचा काय उपयोग?

त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगात सुमारे निम्म्या रुग्णांत बीराफ हे कायनेज बिघडलेले असते. ते रोखणाऱ्या औषधाने गाठी झपाट्याने आटत, पण काही महिन्यांत परत येत. बीराफचे मुख्य लक्ष्य मेक हे कायनेज आहे, हे ठाऊक असल्याने दोन्हींना एकत्र रोखणारा उपचार पुढे आला आणि तो एकट्या औषधापेक्षा सरस ठरला.

पहारेकऱ्याची गोष्ट तर रुग्णांच्या शरीरातच घडते. एका प्रकारच्या जुनाट रक्तकर्करोगात बीसीआर-एबीएल या कायनेजवर इमॅटिनिब अत्यंत गुणकारी आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी या औषधाच्या एका स्फटिकरूपाला पेटंट नाकारल्याने त्याच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग आपल्याकडे खुला राहिला. तथापि काही रुग्णांत ३१५व्या स्थानचा पहारेकरी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन होतो आणि औषधाला खोबणीत जागाच उरत नाही. हे स्थान सार्कमधील ३३८शी तंतोतंत जुळते. प्रयोगशाळेने जे दार मुद्दाम रुंद केले, तेच कर्कपेशी अरुंद करून घेते. या बदलावर चालणारे पोनॅटिनिब २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले.

मानवी पेशींत फॉस्फेट बसण्याच्या हजारो जागा आज नोंदलेल्या आहेत; त्यांतील बहुतेकींवर ते कोणते कायनेज बसवते, हे अद्याप ठरलेले नाही. एका औषधाला कर्कपेशी दाद देईनाशी झाली की दुसरा घाव कोठे घालायचा, हे याच उत्तरांवर अवलंबून राहणार आहे.