गढूळ पाण्यांतले पाणबुडे

आळंदीच्या घाटावर पावसाळ्याच्या आरंभीं उभें राहून इंद्रायणींत हात घालावा, तों कोपर भिजण्यापूर्वींच आपलीं बोटें आपणांस दिसेनाशीं होतात. लोणावळ्याजवळ कुरवंड्यास उगम पावलेली ही नदी मावळांतील भातखाचरांची माती आणि, अलीकडील वर्षांत, गांवांचें व कारखान्यांचें सांडपाणी घेऊन येथवर येते. कधीं ती तांबूस दिसते, कधीं पांढऱ्या फेसानें झांकून जाते. ज्ञानेश्वरांनीं शके १२१८ मध्यें जिच्या तीरीं समाधि घेतली, तिची ही स्थिति लिहितांना आम्हांस संकोच वाटतो. पण आमचा आजचा विषय निराळा आहे. याच पाण्यांत वारीच्या दिवसांत हजारों माणसें स्नानास उतरतात, आणि एखाद्याचा पाय घसरून तो ओढींत सांपडतो. त्यास काढण्याकरितां जो मनुष्य पाण्याखालीं जातो, त्यास तेथें काय दिसत असेल? कांहींच दिसत नाहीं. अशा पाण्यांत काम करणाऱ्यांचा थोडा इतिहास वाचकांपुढें मांडावा, असा आमचा मानस आहे.

पाणबुड्यांच्या विद्येचे जे इतिहास आम्हीं वाचले, ते बहुतेक समुद्राचे आहेत. बुडालेलीं जहाजें, मोतीं, पोवळीं, निळें पाणी. १९४३ सालीं फ्रान्समध्यें कुस्तो व गान्यां या दोघांनीं पाठीवरील नळकांड्यांतली हवा, श्वास घेतांना लागेल तेवढीच व भोंवतालच्या पाण्याच्या दाबास जुळेल अशीच, सोडणारें उपकरण सिद्ध केलें. आणि पाणबुड्या वरून येणाऱ्या नळीपासून सुटला. हा स्वतंत्र संचार म्हणजे या साधनाचें मोठें भूषण. मालवण-तारकर्लीकडे हिवाळ्यांत ज्यांनीं बुडी मारली असेल त्यांना याची गोडी सांगावयास नको. परंतु यंत्रानें श्वास दिला, दृष्टि दिली नाहीं. गढूळ पाण्यांत दिवा न्यावा, तर त्याचा उजेड गाळाच्या कणांवर आपटून उलट डोळ्यांतच येतो; धुक्यांत खंडाळ्याचा घाट उतरतांना मोटारीचे मोठे दिवे लावून पाहणारास हा अनुभव असेलच. तेव्हां नदींत उतरणाराचा डोळा म्हणजे त्याचा हात.

विलायतेंत सेव्हर्न नदीखालून रेल्वेचा बोगदा खणीत असतां १८७९ च्या ऑक्टोबरांत एका मोठ्या गोड्या झऱ्यास वाट फुटली आणि सर्व काम बुडालें. पाणी उपसावयाचें तर बोगद्याच्या आंत सुमारें हजार फुटांवर असलेलें एक लोखंडी दार लावणें अवश्य होतें. पळून जातांना मजुरांनीं तें उघडेंच टाकलें होतें. १८८० च्या नोव्हेंबरांत लॅम्बर्ट नांवाचा पाणबुड्या मिट्ट काळोखांत चांचपडत त्या दाराकडे निघाला. त्याच्या हवेची नळी पुढें सरकविण्यास मागें दुसरे पाणबुडे उभे केले होते. तरी ती तरंगून वरच्या लांकडांस घासूं लागली, आणि दार थोडेंसेंच दूर राहिलें असतां त्याला परतावें लागलें. मग फ्लूस नांवाच्या गृहस्थानें नुकतेंच काढलेलें, प्राणवायु पाठीवरच वाहून नेण्याचें उपकरण आणविलें. फ्लूस स्वतः उतरला, पण त्या काळोखापुढें त्याचें कांहीं चालेना. तेंच उपकरण लॅम्बर्टनें पाठीस बांधलें. दारांतून गेलेल्या रुळांपैकीं एक उचकटून तो परतला, दुसऱ्या खेपेस पहार घेऊन गेला, दार लावलें, आणि सांगितल्याप्रमाणें झडपेचा स्क्रू फिरवून वर आला. पाणी मात्र अपेक्षेहून फारच सावकाश उतरलें. पुढें कळलें कीं त्या झडपेचे आटे उलटे होते. बंद करण्याऐवजीं त्यानें ती पूर्ण उघडून ठेवली होती! आमच्या मतें हा दोष लॅम्बर्टच्या हाताचा नव्हे; वर उजेडांत उभें राहून ज्यांनीं त्याला माहिती दिली त्यांचा. अंधारांतल्या हातास वरून जें सांगितलें असेल तेवढेंच ठाऊक असतें.

दुसरें उदाहरण विंचेस्टरच्या जुन्या प्रार्थनामंदिराचें. त्याचा पाया कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या थरावर होता आणि भिंती खचूं लागल्या होत्या. खड्डे खणावे तर ते पाण्यानें भरत. पंप लावून उपसावें तर पाण्याबरोबर बारीक मातीहि निघून जाऊन भिंती अधिकच बसण्याचें भय. तेव्हां फ्रान्सिस फॉक्स या इंजिनियरानें विल्यम वॉकर या पाणबुड्यास बोलावलें. १९०६ पासून १९११ पर्यंत तो दररोज सुमारें सहा तास, जड शिरस्त्राण व पोशाख घालून, वीस फूट खोल त्या काळ्या पाण्यांत राहिला. तेथें दिव्याचा उपयोग नव्हता. काँक्रीटचीं सुमारें पंचवीस हजार पोतीं त्यानें केवळ स्पर्शानें जागच्या जागीं बसविलीं. मग पाणी उपसतां आलें आणि गवंड्यांनीं भिंतींस खालून आधार दिला. पुढें त्याचा एक लहान पुतळा मंदिरांत बसविला, तो चुकीनें इंजिनियर फॉक्सच्या तोंडवळ्याचा निघाला. २००१ सालीं तो बदलावा लागला. पांच वर्षें जो कोणाच्या दृष्टीस पडला नाहीं, त्याचा चेहरा लोकांच्या ध्यानांत कोठून राहणार!

आतां आपल्याकडे येऊं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजी अमदानींतला दगडी पूल पुरांत कोसळला आणि दोन एस. टी. गाड्या व एक खासगी मोटार उतारूंसह नदींत गेल्या. नौदलाचे, तटरक्षक दलाचे व राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाचे पाणबुडे आले. पण पाणी गढूळ, ओढ भयंकर, शिवाय त्या नदींत मगरी. क्रेनला तीनशें किलोंचें लोहचुंबक बांधून नदीचा तळ चांचपण्याची वेळ आली. पहिली गाडी हातीं लागावयास आठवड्याहून अधिक काळ गेला. एवढी मोठी एस. टी., आणि ती सांपडेना! ज्यांनीं हें वर्तमानपत्रांत वाचून कर्मचाऱ्यांस बोल लावला, त्यांनीं एकदां त्या पाण्यांत हात घालून पाहावा.

या पाण्याची विद्या आतां बरीच नियमबद्ध झाली आहे, आणि तिच्यांतली मौज अशी कीं १९४३ सालीं ज्या बंधनापासून पाणबुड्या सुटला, तें त्यानें नदींत पुन्हां पत्करलें आहे. त्याच्या अंगास दोर बांधलेला असतो. दोराचें दुसरें टोंक कांठावरच्या सोबत्याच्या हातीं. किती झटक्यांचा काय अर्थ, हें आधींच ठरलेलें असतें. पाणबुड्या दोर ताणून धरून तळावर अर्धवर्तुळांत सरकतो आणि मोकळ्या हातानें गाळ चांचपीत जातो. एक फेरी संपली कीं सोबती दोर थोडा सोडतो, मग दुसरी. कोठला तळ पाहून झाला हें खालच्यास कळत नाहीं. तो नकाशा कांठावरच्याच्या डोक्यांत असतो. खालीं बुडालेलीं झाडें, जुनीं जाळीं, तारा यांचें भय. म्हणून जवळ सुरी. सांडपाण्याच्या नदींत सगळा चेहरा झांकणारा मुखवटा घालतात, कारण तोंडांत जाणारा एक घोटहि नको.

इंद्रायणीस हें सर्व अपरिचित नाहीं. १५ जून २०२५ रोजीं तळेगांवजवळ कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भारानें पडला आणि चार माणसें गेलीं. त्या शोधास ज्या दलाचे लोक धांवले, त्याच्या पांचव्या तुकडीचें ठाणें जवळच सुदुंबऱ्यास आहे. तुकोबांच्या अभंगांचे लेखक संताजी जगनाडे यांची समाधि ज्या गांवीं आहे, तेंच हें सुदुंबरें. इंद्रायणींत बुडविलेल्या तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनीं नदीनें आपण होऊन वर आणून दिल्या, अशी श्रद्धा आहे. माणसांच्या बाबतींत नदी इतकी उदार नसते. तेथें कोणाला तरी उतरावें लागतें.

आणि दल येण्यापूर्वीं बहुधा गांवचा भोई किंवा कोळीच उतरलेला असतो. त्याच्यापाशीं नळकांडें नसतें. छातींत मावेल तेवढा श्वास, एक दोर, लोखंडी गळ, आणि कोणत्या डोहांत ओढ कोठें वळते याचें बापाकडून मिळालेलें ज्ञान. लॅम्बर्टची हकीकत बोगद्याच्या कंत्राटदारानें आपल्या पुस्तकांत लिहून ठेवली. वॉकरला चुकीचा कां होईना, पुतळा मिळाला. आमच्याकडे दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत बुडालेल्याचें नांव असतें, वय असतें, गांव असतो, पोलिस ठाण्याचें नांव असतें. आणि शेवटीं एक ओळ असते कीं स्थानिक पाणबुड्यांच्या मदतीनें मृतदेह बाहेर काढण्यांत आला.