डोस बदलायचा कुणी? इन्सुलिनची शंभर वर्षं आणि आपलं वऱ्हाड

इन्सुलिनचा इतिहास आपण बहुतेक वेळा टोरांटोत सुरू करतो आणि तिथंच संपवतो. १९२१ मध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क काढला. जानेवारी १९२२ मध्ये, कॉलिप यांनी तो शुद्ध केल्यावर, लिओनार्ड थॉम्प्सन हा १४ वर्षांचा मुलगा मरणाच्या दारातून परत आला. हे सगळं खरंच. पण आज आपल्याला त्याच्या पुढचा प्रश्न विचारायचा आहे: दुसऱ्या दिवशी त्याला किती टोचायचं? तिसऱ्या दिवशी किती? औषध सापडलं होतं, डोस सापडला नव्हता.

तो एकदाच सापडतही नाही, हे लवकरच कळलं. लंडनचे डॉक्टर रॉबर्ट लॉरेन्स स्वतः मधुमेही होते, १९२३ पासून इन्सुलिनवर. व्यायाम केला की तेच इन्सुलिन जास्त साखर उतरवतं, हे त्यांनी १९२६ मध्ये दाखवून दिलं. ताप आला की गरज वाढते. वयात येताना वाढते. उलट, निदानानंतर काही महिने ती कमी होते आणि घरच्यांना वाटतं, पोरगं बरं झालं! ते बरं झालेलं नसतं. इन्सुलिन बंद केलं, तर जिवावर बेततं.

मग बदल करायचा कशाच्या आधारावर? अनेक दशकं मुख्य साधन हे होतं: बेनेडिक्टच्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, विटकरी झालं तर भरपूर. पण लघवी सांगते ती काही तासांपूर्वीची गोष्ट, आणि साखर फार उतरली तर ती काहीच सांगत नाही. त्यामुळं डोस ठरवायचा डॉक्टरांनी, पुढच्या भेटीत. १९७० नंतर रक्तातली साखर मोजणारी यंत्रं आली, हळूहळू घरात पोचली. १९९३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या १४४१ रुग्णांच्या अभ्यासानं सिद्ध केलं, की वारंवार मोजून डोस बदलत राहिलं तर डोळे, मूत्रपिंडं आणि नसा वाचतात. म्हणजे डोस बदलण्याचा अधिकार दवाखान्यातून घरी आला.

घरी म्हणजे कुणाच्या घरी, हा आपला वऱ्हाडचा प्रश्न. अमरावतीचं इर्विन असो की अकोल्याचं सर्वोपचार, धारणीच्या किंवा मूर्तिजापूरच्या खेड्यातली आई महिन्यातून एकदा तिथं पोचणार. पोराला ताप मात्र आज रात्री आला आहे. त्यातून आपला उन्हाळा! मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. तापलेल्या अंगात इन्सुलिन लवकर भिनतं आणि साखर झपकन उतरते. पण तीच बाटली उन्हात राहिली तर तिचा असर जातो आणि साखर चढते. ऊन एकच, परिणाम दोन उलटे. नुसत्या अंदाजानं कसं कळणार? पट्टी लावूनच कळतं. आणि पट्ट्या रोज लागतात, विकत घ्याव्या लागतात.

नागपूरच्या डॉ. शरद पेंडसे यांच्या ड्रीम ट्रस्टचं काम याच ठिकाणी महत्त्वाचं ठरतं. गरीब घरांतल्या अशा मुलांना ही संस्था इन्सुलिन देते, त्यासोबत ते कसं वापरायचं याचं शिक्षणही देते. फ्रिज नसेल तिथं बाटली कोरड्या डबीत घालून मातीच्या ओल्या भांड्यात ठेवायची, ही आपल्या माठाचीच युक्ती.

आपल्या डॉक्टरांकडून आजच तीन गोष्टी लिहून घ्या: तापात किती वाढवायचं, वेचणीच्या किंवा खेळाच्या दिवशी किती कमी करायचं, आणि कोणत्या आकड्याला थेट दवाखाना गाठायचा. पोरगं जेवत नाही, उलट्या होताहेत म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करू नका. पट्टी लावा, फोन करा. बाटलीत बहुधा एका मिलीलिटरला ४० युनिट असतात, पेनमध्ये १००. सिरिंज बाटलीशी जुळते ना, तेवढं दर वेळी बघून घ्या.