भंडाऱ्यातला ‘ऱ्या’ आणि संगणकाची प्रणाली

‘भंडारा’ या नावाला विभक्तिप्रत्यय लागेपर्यंत संगणकाची काही तक्रार नसते. ‘भंडाऱ्यात’, ‘भंडाऱ्याहून’, ‘भंडाऱ्याचा’ अशी रूपे होऊ लागली की ‘य’ला चिकटणारा आडवा अर्धा ‘र’ येतो, आणि तेथून गडबड सुरू होते. हा ‘र’ म्हणजे रफार नव्हे. ‘आचार्यांना’ वंदन करायचे असते आणि ‘आचाऱ्यांना’ जेवणाची संख्या सांगायची असते. ‘दर्या’ समुद्र असतो आणि ‘दऱ्या’ डोंगरात असतात. हिंदीला हा भेद लागत नाही, म्हणून हिंदी डोळ्यापुढे ठेवून केलेल्या साधनांना तो सुचतही नाही. आजही जालावर ‘भंडार्यात’ असे लिहिलेले जागोजागी आढळते. आमच्या जिल्ह्याचे नाव सप्तमीत नीट लिहिता येते की नाही, ही एक साधी कसोटी हाताशी धरून एका वरवर पाहता अगदी कोरड्या प्रश्नाचा इतिहास येथे मांडावयाचा आहे.

तो प्रश्न असा : संगणकातली जुनी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संचालन प्रणाली, बदलावी की आहे तीच चालवावी? विंडोज १० या प्रणालीला निर्मात्या कंपनीकडून मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि महाविद्यालयांतून हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. कार्यालयाच्या दृष्टीने तो खरेदीचा, अनुदानाचा आणि निविदेचा आहे. भाषा शिकवणाऱ्यांनी त्याकडे थोडे निराळ्या दृष्टीने पाहावयास हवे, असे आम्हांस वाटते. कारण मराठीत आजवर जेव्हा जेव्हा यंत्र बदलले, तेव्हा तेव्हा अक्षरांना काहीतरी सोसावे लागले आहे.

ही कथा संगणकापासून सुरू होत नाही. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने (स्थापना १८६९) देवनागरीचे देखणे खिळे घडवले, पण जोडाक्षरे आणि मात्रा धरून त्या खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाई आणि जुळाऱ्याचा जीव मेटाकुटीला येई. ती संख्या घटवण्याचे प्रयत्न ‘केसरी’साठी टिळकांनी केले. पुढे सावरकरांनी लिपिशुद्धीच्या चळवळीत ‘अ’ची बाराखडी पुरस्कारली, ‘इ’, ‘उ’, ‘ए’ यांच्या जागी ‘अि’, ‘अु’, ‘अे’ असे लेखन त्या काळच्या पुस्तकांत आजही भेटते. यंत्राच्या सोयीसाठी लिपीने किती वाकावे, हा वाद आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. त्या वादात निदान टिळक-सावरकरांसारखी माणसे होती. संगणकाच्या बाबतीत वाद झालाच नाही. जे बाजारात आले ते आपण घेतले.

वास्तविक आरंभ चांगला होता. भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट हा समान कळफलक १९८६ मध्ये ठरला. पुण्याची सी-डॅक १९८८ मध्ये स्थापन झाली, आणि ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. या व्यवस्थेत अक्षराचा संकेत त्याच्या उच्चारमूल्यावर बेतलेला होता. ‘क’ म्हणजे ‘क’, मग तो पडद्यावर कोणत्याही वळणाचा दिसो. युनिकोडमधील देवनागरीचा विभागही १९८८ च्या इस्कीच्या आधाराने रचला गेला. म्हणजे शहाणपण आपल्याकडे वेळेवर आले होते. परंतु छपाईच्या दुकानाला आणि महाविद्यालयाच्या कार्यालयाला हवे होते ते स्वस्त आणि झटपट काहीतरी, आणि ते दुसऱ्याच दाराने आले.

ते दार म्हणजे इंग्रजीच्या घरात मराठीचा मुखवटा. संगणकाला इंग्रजीचा ‘ए’ माहीत असतो. त्या ‘ए’चे चित्र पुसून तेथे देवनागरीचा एखादा तुकडा काढून ठेवला की झाला टंक. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा नावांनी या पद्धतीचे टंक महाराष्ट्रभर रुजले. रेमिंग्टन टंकलेखन यंत्राच्या कळांवर बेतलेल्या कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द उमटवला, तर संगणकाच्या पोटात प्रत्यक्षात साठवली जातात ती इंग्रजी अक्षरे : ई, जे, के, मोठा बी आणि एच. पडद्यावर ‘मराठी’ दिसते ते केवळ तो टंक तेथे हजर असतो म्हणून. टंक काढून घ्या, मराठी नाहीशी होते आणि अर्थहीन रोमन अक्षरांची रांग उरते. शिवाय प्रत्येक टंककर्त्याने तुकडे आपापल्या मर्जीने ठेवलेले, त्यामुळे एका टंकातला मजकूर दुसऱ्यात वाचता येत नाही.

हे केवळ तांत्रिक गैरसोयीपुरते राहते, असे समजू नये. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याचा सर्वांत विदारक परिणाम कोशाच्या कामात दिसतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीत बोलल्या जाणाऱ्या झाडीबोलीचा अभ्यास हरिश्चंद्र बोरकरांसारख्या संशोधकाने आयुष्यभर केला, तिचा शब्दकोश केला. त्या वाटेने जाणारे लहानमोठे संकलन अनेक महाविद्यालयांतून विद्यार्थी करीत आले आहेत : शेतीची अवजारे, धानाच्या जाती, दंडारीतील संवाद, खडी गंमतीतील लावण्या. आता अशी एक शब्दयादी कृतिदेवमध्ये टंकित आहे, असे धरू. संगणकाला तिचा अनुक्रम लावण्यास सांगितले, तर तो मराठी वर्णमाला लावीत नाही, इंग्रजी लावतो. लहान अक्षरांपुरते पाहिले तरी क्रम असा येतो : इ, ब, क, म, मग ऱ्हस्व वेलांटी, मग ह, प, र, स, उ, द, व, च. वेलांटी तेथे स्वतंत्र तुकडा म्हणून व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, म्हणून ‘दिवस’ हा शब्द ‘द’खाली सापडत नाही, तो ‘म’ आणि ‘ह’ यांच्या मधल्या कुठल्याशा बोळात जाऊन बसतो. परंपरेने चालत आलेला वर्णक्रम एका टंकाने असा उधळून लावला आणि आम्ही मराठीवाले कित्येक वर्षे ‘प्रिंट छान येते’ यावर समाधानी राहिलो.

आता प्रणालीकडे येऊ. विंडोज ९८ मध्ये देवनागरीसाठी मुखवट्याखेरीज मार्ग नव्हता. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० मध्ये देवनागरी आणि तमिळ या लिप्यांना युनिकोडचा आधार प्रथम मिळाला. त्यासोबत आलेला ‘मंगल’ हा टंक र. कृ. जोशी यांचा, कवी, सुलेखनकार आणि पवईच्या आय.आय.टी.तील अध्यापक अशी त्यांची ओळख साहित्याच्या विद्यार्थ्यांना असावयास हवी, कारण गेल्या पाव शतकात पडद्यावर सर्वाधिक वाचली गेलेली देवनागरी बहुधा त्यांच्याच हातची आहे. २००१ च्या अखेरीस विंडोज एक्सपी आली. तिच्यात मराठी होती, पण झाकून ठेवलेली. प्रादेशिक भाषांच्या पर्यायांत जाऊन ‘जटिल लिप्या’ या चौकोनात खूण करावी लागे आणि मग संगणक एक्सपीची मूळ तबकडी मागे. ती तबकडी तालुक्याच्या गावी कोणाजवळ असणार? एक खूण न केल्यामुळे असंख्य संगणकांत मराठी असूनही नव्हती.

याच एक्सपीच्या आयुष्यात ‘ॲ’चे प्रकरण घडले. ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेले हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे दाखल झाले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाण मराठी वर्णमाला निश्चित केली, तीत ‘ॲ’ला स्थान मिळाले, ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही ठरवून दिली गेली. म्हणजे २००१ च्या प्रणालीसोबत आलेल्या टंकात जे अक्षर असणे शक्यच नव्हते, ते २००९ मध्ये राजभाषेच्या वर्णमालेत अधिकृत झाले. जुन्या संगणकावर ‘ॲ’च्या जागी रिकामा चौकोन दिसे. नवा टंक वेगळा बसवून त्यावर मार्ग काढता येई, पण बहुतेकांनी ‘ऍ’ लिहून वेळ मारून नेली. त्या दशकातील मराठी जाललेखन चाळले तर ‘ऍ’ सर्वत्र दिसतो. उद्याच्या एखाद्या लिपिविषयक प्रबंधात त्यावरून लेखनाचा काळ ठरवला गेला, तर आश्चर्य वाटू नये. ‘ऱ्या’ची गोष्ट याहून निराळी. त्याची सोय होती; इनस्क्रिप्टवर शिफ्टसह ‘र’ची कळ दाबली की ‘ऱ’ मिळतो आणि त्याला हलन्त जोडला की ‘भंडाऱ्यात’ बिनचूक उमटते. येथे उणीव प्रणालीची नव्हती, शिकवणाऱ्यांची होती. टंकलेखनाच्या वर्गांत हे कोणी सांगितले नाही आणि व्याकरणाच्या तासाला कळफलक कोणी आणला नाही.

एवढे असूनही एक्सपी किंवा त्याहून जुनी प्रणाली न सोडणाऱ्यांना आडमुठे ठरवण्यास आम्ही तयार नाही. छपाईच्या दुकानांत पेजमेकर ही पृष्ठरचनेची आज्ञावली चालत होती. तिची ७.० ही अखेरची आवृत्ती २००१ मधली. तिला युनिकोड समजत नाही, आणि नव्या प्रणालींशी तिचे नीटसे जमत नाही. दुकानदाराजवळ दहा-पंधरा वर्षांचे काम तिच्यात : कवितासंग्रह, स्मरणिका, नाट्यमंडळांची पत्रके, लग्नपत्रिका. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची सोय आली ती २०१२ च्या सुमारास, तीही परवडणाऱ्यांसाठी. प्रणाली बदलली की टंक गेला, टंक गेला की मजकूर गेला, हे त्याला अनुभवाने पक्के ठाऊक होते. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा आधार संपला तेव्हा त्याने संगणक तसाच चालू ठेवला, यात त्याच्यापुरता पूर्ण विवेक होता. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. भांड्याला कल्हई करणे वेगळे आणि ते वितळवणे वेगळे, हे येथे कोणाला सांगावे लागत नाही.

मात्र न बदलण्याचीही किंमत असते आणि ती २०१७ मध्ये दिसली. त्या वर्षी १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेसह जगभरचे संगणक कुलूपबंद केले. ज्या छिद्रातून तो शिरला त्याचे ठिगळ मार्चमध्येच निघाले होते. परंतु आधार संपलेल्या एक्सपीसाठी ते सर्वांना खुले झाले हल्ल्यानंतर. जूनच्या अखेरीस ‘नॉटपेट्या’ आला आणि माएर्स्क कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेबरोबर न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एक टर्मिनलही त्याने ठप्प केले. बंदर पुन्हा सुरू होते. कंटेनर उशिरा का होईना, पोहोचतात. ज्या म्हाताऱ्या सांगणाऱ्यांकडून झाडीबोलीचे शब्द टिपून घेतले ती माणसे मात्र आता राहिलेली नाहीत. त्यांची यादी एकाच जुन्या संगणकात असेल आणि तो जाळ्याला जोडलेला असेल, तर तेथील धोका बंदरापेक्षा लहान म्हणता येणार नाही.

सध्याच्या बदलाचे स्वरूप पूर्वीच्यापेक्षा वेगळे आहे, हे ध्यानात घ्यावे. विंडोज १० वरून ११ वर जाताना युनिकोडमधील मराठीला काहीही होत नाही. ‘मंगल’ हा टंक विंडोज १० पासूनच मागणी केल्यावर मिळणाऱ्या जोडसंचात गेला आहे आणि त्याच्या जागी ‘निर्मला’ आला आहे. परंतु अक्षरांचा संकेत तोच असल्याने फरक पडतो तो केवळ रूपाचा, फार तर पृष्ठसंख्येचा. अडचण यंत्राची आहे. विंडोज ११ ला टी.पी.एम. २.० ही सुरक्षाचीप लागते, आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे, म्हणजे ढोबळमानाने २०१७ पूर्वीचे, बहुतेक संगणक तिच्या यादीत बसत नाहीत. शिक्षणसंस्थांना जुन्या प्रणालीचा वाढीव सुरक्षा-आधार तीन वर्षांपर्यंत विकत मिळतो. कंपनीने जाहीर केलेला दर प्रत्येक संगणकामागे पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर असा आहे. तेवढ्या खर्चात विचाराला अवधी मिळतो. दुसरा मार्ग लिनक्सचा. सी-डॅकने २००७ पासून ‘बॉस’ ही मराठीसह भारतीय भाषांतली प्रणाली विनामूल्य उपलब्ध करून दिली आहे. वाचन, लेखन आणि टंकन एवढेच ज्या विभागाचे काम आहे, त्याने चालता संगणक भंगारात काढण्याआधी हा मार्ग पाहावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण त्याच्याही आधी मजकूर. जुन्या टंकांतील धारिका एकेक करून युनिकोडमध्ये आणाव्यात आणि त्या मूळ टंकासह, मूळ रूपातही जपून ठेवाव्यात. रूपांतर करणारी साधने आहेत. त्यांच्यावर विसंबू नये. रूपांतर झाले की प्रथम ‘भंडाऱ्यात’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द शोधून पाहावेत. तेथे रफार आढळला तर सबंध धारिका हाताने तपासावी लागणार, हे धरून चालावे. बोलीच्या यादीत आणखी एक जोखीम आहे. झाडीबोलीत ण, छ, श, ष, ळ ही व्यंजने नाहीत. प्रमाण मराठीचा ‘डोळा’ तेथे ‘डोरा’ होतो. प्रमाण शब्दसंग्रहावर उभारलेली शुद्धलेखन-तपासणी अशा शब्दाखाली तांबडी रेघ ओढते, आणि कामाला कंटाळलेला टंकलेखक ती रेघ घालवण्यासाठी ‘डोरा’चा ‘डोळा’ करून टाकतो. जुना टंक निदान निरक्षर होता. त्याने बोलीला कधी सुधारले नव्हते. तपासणी बंद ठेवूनच हे काम व्हावे, आणि ज्याने यादी गोळा केली त्याच्या किंवा त्या गावच्या एखाद्या बोलणाऱ्याच्या नजरेखालून छापील प्रत जावी. अनुक्रम नंतर लावावा. युनिकोडच्या संकेतक्रमात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येतो, आपल्याकडे तो ‘ह’नंतर, प्रमाण मराठीचा पर्याय देताना कोशकाराला ते ठरवावे लागेल.

हे सारे होईपर्यंत एक जुना संगणक एक्सपी आणि सर्व टंकांसह, जाळ्यापासून तोडून, विभागाच्या कपाटाजवळ राहू द्यावा. वार्षिक तपासणीत ‘निरुपयोगी’ या सदरात त्याची नोंद होण्याची शक्यता आहे. जडसंग्रह नोंदवहीत त्याच्यापुढे ‘वाचनयंत्र’ असे लिहिण्यास नियमाची आडकाठी असेल, असे आम्हांस वाटत नाही.