घर न घेता घर विकणारे

आजचा भाग कायद्याच्या इतिहासाचा आहे, पण सुरुवात एका हिशोबाने करू. समजा, शिकागोत एक आजी एकटी राहते. घर जुनं, टॅक्स थकलेला. एक तरुण येतो, 80 हजार डॉलरला घर घेण्याचा करार करतो आणि महिन्याभरात तोच करार तिसऱ्याला देऊन वरचे 20 हजार खिशात घालतो. घर त्याच्या नावावर एक दिवसही नव्हतं. याला तिकडे ‘होलसेलिंग’ म्हणतात. आपल्याकडे इसार देऊन साठेखत करतात आणि तेच पुढे फिरवतात ना, त्याचा हा चुलतभाऊ.

आता हा माणूस खरेदीदार की दलाल?

कॅलिफोर्नियाने 1917 मध्ये दलालांसाठी लायसन्सचा कायदा केला. तो कोर्टात टिकला नाही. 1919 चा टिकला, आणि पुढे बाकीच्या राज्यांनीही तीच वाट धरली. गाभा सोपा होता: मोबदला घेऊन दुसऱ्याची मालमत्ता विकायला लायसन्स हवं, स्वतःची विकायला नको. होलसेलर नेमका या फटीत बसला. ‘मी घर विकतच नाही, माझा करार विकतो.’

ही अगदीच थाप नव्हती बरं का. इंग्लंडच्या जुन्या चॅन्सरी कोर्टापासून चालत आलेलं तत्त्व असं, की पक्का करार झाला की खरेदीदाराचा त्या मालमत्तेत एक हक्क तयार होतो. आपल्याकडे मात्र 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 ने हे दार बंद केलं: नुसत्या विक्रीच्या कराराने मालमत्तेत हक्क येत नाही. मूळ एकच, फांद्या दोन. मला हे सगळ्यात भारी वाटतं.

तिकडे गाडं अडलं जाहिरातीवर. करार विकतो म्हणायचं आणि घराचे फोटो टाकायचे, म्हणजे दुसऱ्याचं घरच विकणं झालं. इलिनॉयने 2019 मध्ये दलालाची व्याख्याच वाढवली: 12 महिन्यांत दोनदा असे करार केले, की लायसन्स लागणार. साउथ कॅरोलिनाने 2024 मध्ये होलसेलिंगवर बंदी घातली. पण व्याख्या वाचा! करार दुसऱ्याला देणं चालतं. मालकी येण्याआधी घराची जाहिरात करणं चालत नाही. कोड रिव्ह्यूत अशी अट आली असती तर मी दहा प्रश्न विचारले असते. पेनसिल्व्हेनियाचा 2024 चा कायदा मला जास्त शहाणा वाटतो. लायसन्स तर हवंच, शिवाय घरमालकाला 30 दिवसांत, खरेदीखत झालं नसेल तर, दंड न भरता माघार घेता येते. आजीला वकील गाठायला तेवढा वेळ पुरतो.

‘मग लायसन्सवाला एजंट सोबत घेऊ’ असं बरेच जण म्हणतात. तिथेही पाय अडकतो. दलालीतला वाटा विनालायसन्स माणसाला दिला तर एजंटचंच लायसन्स धोक्यात येतं. एजंट मालकाचा असेल तर त्याची निष्ठाही मालकाशीच. जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक माहीत असून त्याने ते लपवलं आणि होलसेलरला स्वस्तात सौदा मिळवून दिला, तर मालक आधी एजंटवर दावा लावतो, होलसेलरचं नाव त्याच्यानंतर येतं.